तख्तीपासून टेट मॉडर्नपर्यंत : सुदानचे चित्रकार-शिल्पकार इब्राहीम अल-सलाही

सुदानचं नाव आपल्याकडे बातम्यांत येतं ते बहुतेक वेळा लढाईमुळे. एप्रिल २०२३ पासून तिथे लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं. खार्तूम आणि त्याला लागूनच असलेलं ओमदुरमान ही शहरं उद्ध्वस्त झाली, लाखो माणसं घरदार सोडून निघाली, खार्तूमचं राष्ट्रीय संग्रहालय लुटलं गेलं. अशा बातम्या वाचता वाचता एखाद्या देशाची ओळखच तेवढी होऊन बसते. म्हणून आज आम्ही त्याच ओमदुरमानमध्ये जन्मलेल्या एका माणसाची माहिती वाचकांसमोर ठेवत आहोत. आफ्रिकेच्या आधुनिक चित्रकलेचा विषय निघाला की पहिल्या काही नावांत त्यांचं नाव घ्यावंच लागतं. त्यांचं नाव इब्राहीम अल-सलाही.

आणखी एक कारण आहे. आम्ही उर्दू-मराठी शिकवणारी माणसं. वर्गात मुलांना विचारलं, "एखाद्या मुस्लिम चित्रकाराचं नाव सांगा," तर एखादा हुशार मुलगा पंढरपुरात जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांचं नाव सांगतो आणि यादी तिथेच संपते. ती यादी थोडी लांबावी, एवढाच आमचा हेतू.

वालिदांचा मकतब आणि लाकडी तख्ती

अल-सलाही यांचा जन्म ५ सप्टेंबर १९३० रोजी ओमदुरमान इथे झाला. नाईल नदीच्या एका काठावर खार्तूम आणि दुसऱ्या काठावर ओमदुरमान. तेव्हा सुदानवर ब्रिटिश आणि इजिप्त यांचा संयुक्त अंमल होता, आणि खरी सत्ता ब्रिटिशांच्या हातात होती.

त्यांचे वालिद दीनी तालीम देणारे उस्ताद होते आणि घरीच कुरआनचा मकतब चालवत. सुदानमध्ये अशा मकतबाला 'खलवा' म्हणतात. तिथली शिकवण्याची रीत आपल्या जुन्या पिढीला चटकन समजेल. मुलाच्या हातात लाकडी तख्ती असते. तिला ते 'लौह' म्हणतात. काजळी आणि डिंक यांची शाई, बोरूची लेखणी. तख्तीवर आयत लिहायची, पाठ करायची, उस्तादांना ऐकवायची, मग तख्ती धुऊन पुढची आयत लिहायची. कुरआनचा ठरावीक भाग पूर्ण झाला की तख्ती रंगीत नक्षीने सजवतात. त्या सजवलेल्या तख्तीला 'शरफा' म्हणतात, आणि मूल ती घेऊन मोठ्या अभिमानाने घरी जातं.

आपल्याकडेही तख्ती होतीच की. मुलतानी मातीने पोतायची, उन्हात वाळवायची आणि बोरूने 'अलिफ, बे' गिरवायचं. आमच्या पिढीतल्या अनेकांचं अक्षर त्यावरच बसलं. फरक एवढाच की आपल्याकडे तख्ती बहुतेक सुलेखनापुरती राहिली, आणि ओमदुरमानच्या त्या मकतबात ती एका मुलाची पहिली चित्रशाळा झाली. शाळेचं वय होण्याआधीच इब्राहीम अक्षरं काढायला आणि तख्त्या सजवायला शिकले. अक्षर आणि चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. पुढच्या सगळ्या आयुष्याचं मूळ इथे आहे.

लंडनचं शिक्षण

खार्तूमच्या गॉर्डन मेमोरियल कॉलेजच्या कला विभागात शिक्षण झाल्यावर त्यांना सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि १९५४ ते १९५७ ही तीन वर्षं ते लंडनच्या स्लेड स्कूल ऑफ फाइन आर्ट या नावाजलेल्या संस्थेत शिकले. ते लंडनमध्ये असतानाच, १ जानेवारी १९५६ रोजी, सुदान स्वतंत्र झाला.

स्लेडमध्ये त्यांनी युरोपियन पद्धतीची तालीम मनापासून घेतली. माणूस समोर बसवून चित्र काढणं, तैलरंग, छायाप्रकाश, युरोपच्या जुन्या-नव्या चित्रकारांचा अभ्यास, सगळं केलं. त्याच बरोबर ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन अरबी हस्तलिखितंही पाहिली. लहानपणी तख्तीवर जे गिरवलं, ते लंडनमध्ये काचेच्या पेटीत जपून ठेवलेलं दिसलं. ब्रिटिश वसाहतीत वाढलेल्या त्या तरुणाला आपल्याच घरातली गोष्ट किती मोलाची आहे, हे परक्या शहरात नव्याने पाहायला मिळालं.

रिकामं प्रदर्शन

१९५७ मध्ये ते परत आले आणि खार्तूमच्या कला महाविद्यालयात शिकवू लागले. लंडनमध्ये केलेलं काम लोकांना दाखवावं म्हणून त्यांनी खार्तूमच्या ग्रँड हॉटेलमध्ये प्रदर्शन भरवलं. उद्घाटनाला माणसं आली, थंड पेय प्यायली, गेली. नंतर कोणी फिरकलंच नाही. पुन्हा प्रदर्शन भरवलं, पुन्हा तेच.

इथे बरेच कलाकार म्हणतात की लोकांना कळत नाही, लोक मागासलेले आहेत. अल-सलाही यांनी दोष स्वतःकडे घेतला. आपण आपल्याच माणसांशी त्यांना न कळणाऱ्या भाषेत बोलतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांचं काम थांबलं. सुमारे दोन वर्षं ते अडकून पडले होते, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे.

या काळात ते देशभर फिरले आणि साध्या माणसाच्या घरात सुंदर गोष्टी कुठे असतात ते पाहू लागले. भिंतीवरची नक्षी, टोपल्या, चटया, लाकडी भांडी आणि घरोघरी लावलेल्या, सुंदर अक्षरात लिहिलेल्या आयती. लोकांना कलेची आवड नव्हती असं नाही. त्यांची कला हॉटेलच्या दालनात नव्हती, घरात होती, एवढंच.

मग त्यांनी एक छोटा प्रयोग केला. चित्राच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत, अरबीत काही शब्द लिहायला सुरुवात केली. लोक थांबू लागले, वाचायला जवळ येऊ लागले. त्यांनी अक्षरं मोठी केली, चित्रभर पसरू दिली. लोक आणखी जवळ आले.

त्यानंतरचं पाऊल सगळ्यात महत्त्वाचं. त्यांनी अक्षरच मोडून पाहिलं. अक्षराच्या आत काय असतं? रेघ, वळण, टिंब आणि मधली मोकळी जागा. त्या मोडलेल्या तुकड्यांतून पक्षी, चेहरे, झाडं, प्राणी निघू लागले. तेव्हापासून त्यांच्या चित्रात अक्षर कुठे संपतं आणि आकृती कुठे सुरू होते, हे सांगणं कठीण झालं. पुढे अरब देशांतल्या अनेक चित्रकारांनी अक्षरांवर आधारित आधुनिक चित्रं काढली आणि त्या प्रवाहाला 'हुरूफिया' असं नाव पडलं. त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या नावांत अल-सलाही यांची गणना होते.

खार्तूम स्कूल

या वाटेवर ते एकटे नव्हते. अहमद शिब्रैन यांनीही अरबी अक्षरांतून चित्रं घडवली. कमाला इब्राहीम इसहाक या चित्रकर्तीने सुदानी स्त्रियांचं जग रंगवलं. २०२२ मध्ये लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीत त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. उस्मान वकीअल्लाह हे त्यांच्या आधीच्या पिढीतले खत्तात. या सगळ्यांच्या कामाला मिळून 'खार्तूम स्कूल' म्हणतात. इथे स्कूल म्हणजे इमारत नव्हे, एका विचाराने काम करणारा गट. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाचा चेहरा कसा असावा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. सुदान अरबही आणि आफ्रिकीही. एक बाजू धरून दुसरी सोडायची नाही, असा त्यांचा प्रयत्न होता.

अल-सलाही याच काळात नायजेरियातल्या इबादान शहरातल्या 'म्बारी' या लेखक-कलावंतांच्या मंडळापर्यंत पोहोचले. १९६२ मध्ये युनेस्कोच्या आणि १९६४-६५ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिका खंडात फिरले. १९६६ मध्ये डाकार इथे झालेल्या आफ्रिकी कला महोत्सवातही सुदानचा सहभाग होता आणि त्यात ते होते.

दोन चित्रं

त्या काळातल्या दोन चित्रांची माहिती देणं गरजेचं आहे.

पहिलं, 'बालपणीच्या स्वप्नांचे पुन्हा जन्मलेले आवाज'. १९६१ ते १९६५ या काळातलं हे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. चौकोनी, लांबी-रुंदी प्रत्येकी सुमारे अडीच मीटर. त्यात उंच, किडकिडीत आकृत्या उभ्या आहेत. चेहरे कधी मुखवट्यासारखे, कधी हिजाबातल्या बायकांसारखे वाटतात. रंग मोजकेच आहेत. मातीचा, राखेचा, काळा, मळकट पांढरा. आपल्या देशाच्या जमिनीचे जे रंग, तेच वापरायचे, असं त्यांनी त्या काळात ठरवलं होतं.

दुसरं, 'शेवटचा आवाज', १९६४ सालचं. वालिदांच्या इंतकालानंतर काढलेलं. माणूस शेवटच्या घटका मोजत असताना जवळची माणसं जे पठण आणि दुआ करतात, रूह शरीर सोडून जाते, तो क्षण या चित्राचा विषय आहे. चंद्रकोरीसारखे आकार, वर्तुळं, अक्षरांच्या वेलांट्या असं सगळं त्यात आहे. ज्यांनी आपल्या माणसाच्या उशाशी बसून यासीन शरीफ ऐकली आहे, त्यांना हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही. ज्या वालिदांनी हातात बोरू दिला, त्यांना मुलाने अक्षरांतूनच निरोप दिला.

इथे एका प्रश्नाचा उल्लेख करायला हवा, कारण तो वाचकांच्या मनात येणारच. सजीवांची चित्रं काढण्याबद्दल उलेमांमध्ये वेगवेगळी मतं आहेत, आणि त्यावर निर्णय देणं हे या लेखाचं काम नाही. स्वतः अल-सलाही दीनदार मुसलमान. आपलं काम त्यांनी नेहमी ध्यान आणि दुआ यांच्या जवळचं मानलं, एवढी नोंद पुरे.

अधिकारी आणि कैदी

१९६९ मध्ये जाफर निमेरी यांनी लष्करी उठाव करून सत्ता घेतली. त्याच वर्षी अल-सलाही लंडनमधल्या सुदानी वकिलातीत सांस्कृतिक विभागात रुजू झाले. १९७२ च्या सुमारास त्यांना परत बोलावून संस्कृती खात्यात वरिष्ठ पद देण्यात आलं. कलावंत सरकारी खुर्चीत बसला. देशात कलेची व्यवस्था उभी करता येईल, ही आशा त्यामागे होती. टीव्हीवर त्यांचा एक कार्यक्रमही लोकांच्या आवडीचा झाला होता.

सप्टेंबर १९७५ मध्ये निमेरी सरकारविरुद्ध एक उठाव झाला आणि फसला. त्यानंतरच्या धरपकडीत अल-सलाही यांनाही उचललं. सरकारविरोधी कारवायांचा आरोप ठेवला, खटला चालवलाच नाही. सहा महिने ते खार्तूमच्या कोबर तुरुंगात होते.

तुरुंगात कागद आणि पेन यांना बंदी होती. लिहिताना-काढताना सापडलं तर एकांतवासाची सजा. तरीही ते मिळेल त्या कागदाच्या कपट्यावर काढत राहिले. पहारेकरी यायच्या आत कपटे रेतीत पुरून टाकत. रोज पंचवीस मिनिटं पाय मोकळे करायला बाहेर सोडायचे. तेवढ्या वेळात ते काडीने रेतीवर मोठ्या चित्राचा आराखडा काढत आणि कोणी पाहायच्या आत हाताने पुसून टाकत. काढलं, मनात ठेवलं, पुसलं. मकतबातल्या तख्तीचीही हीच रीत होती. पाठ झालं की धुऊन टाकायचं. तख्ती कोरी होते, पण मनात लिहिलेलं राहतं.

१९७६ मध्ये सुटका झाली, पण काही काळ घरातच नजरकैद होती. त्या दिवसांत त्यांनी एक वही भरली. चित्रं आणि अरबीत मजकूर, दोन्ही. ही 'तुरुंगातली वही' आता न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे, आणि २०१८ मध्ये ती पुस्तकरूपाने छापली गेली.

देश सुटला, काम सुटलं नाही

१९७७ मध्ये त्यांनी सुदान सोडला आणि ते कतारला गेले. दोहामध्ये संस्कृती आणि माहिती खात्यात त्यांनी बरीच वर्षं नोकरी केली. याच दोहात पुढे आपले हुसेनही येऊन राहिले आणि २०१० मध्ये कतारचे नागरिक झाले. आपली माती सुटलेल्या दोन चित्रकारांना वेगवेगळ्या काळात एकाच शहराने आसरा दिला.

तुरुंगाने अल-सलाही यांच्या कामाची पद्धत बदलली. तिथून बाहेर पडल्यावर बरीच वर्षं त्यांनी फक्त काळ्या शाईत आणि पांढऱ्या कागदावर काम केलं. दुसरी गोष्ट, ते आधी संपूर्ण चित्र ठरवत नसत. एका छोट्या कागदावर मधला भाग काढायचा. तो बियाणं. मग त्याला बाजूने, वरून, खालून दुसरा कागद जोडायचा आणि चित्र वाढू द्यायचं. तुरुंगात मोठा कागद नव्हताच. कपट्याला कपटा जोडला तरच मोठं चित्र होईल, ही तिथली शिकवण होती.

या पद्धतीचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे 'अटळ'. १९८४-८५ मधलं हे चित्र नऊ भागांचं आहे. फक्त शाई. माणसांची गर्दी, उंचावलेल्या मुठी, वेदनेने ताणलेले चेहरे. जनता कधी ना कधी जुलमाविरुद्ध उठणारच, हा त्याचा आशय. एप्रिल १९८५ मध्ये खार्तूमच्या रस्त्यांवर लोक खरोखर उतरले आणि निमेरींची सत्ता गेली. हे चित्र आज अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

हराजचं झाड आणि शिल्पं

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला स्थायिक झाले. त्यानंतरच्या कामात एक झाड वारंवार येतं, हराज. नाईलच्या काठाने वाढणारं, बाभळीच्या जवळचं झाड. त्याची तऱ्हा उलटी आहे. पावसाळ्यात सगळं रान हिरवं होतं तेव्हा हराज पानं गाळतं. आणि उन्हाने सगळं करपतं तेव्हा त्याला पालवी फुटते. कोरड्या दिवसांत जनावरांना सावली आणि चारा तेच देतं. अल-सलाही यांना या झाडात सुदानी माणसाचा स्वभाव दिसला. सुकाळात मागे, दुष्काळात उभा.

हे झाड त्यांनी आधी शाईत काढलं, मग रंगांत, आणि वयाच्या अठ्ठ्याऐंशीच्या घरात ते शिल्पात आणलं. 'ध्यानवृक्ष' हे त्यांचं शिल्प २०१८ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये उघड्यावर मांडलं होतं. तोवर कागदावर सपाट असलेल्या झाडाभोवती आता माणसाला फिरता येऊ लागलं. चित्रकार म्हणून नाव झालेल्या माणसाने आयुष्याच्या उतारावर शिल्पकाराचं नवं काम हाती घेतलं, ही आम्हाला फार हिमतीची गोष्ट वाटते.

टेट मॉडर्न आणि औषधाची खोकी

२०१३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या जगप्रसिद्ध संग्रहालयात त्यांच्या संपूर्ण कारकिर्दीचं प्रदर्शन भरलं. आफ्रिकेच्या आधुनिक चित्रकाराला असा मान तिथे पहिल्यांदाच मिळाला. त्याआधी २०१२ मध्ये हे प्रदर्शन शारजामध्ये झालं होतं. तेव्हा अल-सलाही यांचं वय ऐंशीच्या पुढे होतं. लंडनच्या स्लेडमधून बाहेर पडून ५६ वर्षं झाली होती. जग ओळख देतं, पण फार सावकाश.

त्यानंतर शरीर थकलं. पाठीचं दुखणं आणि पार्किन्सनचा आजार, त्यामुळे मोठ्या कॅनव्हाससमोर उभं राहणं अशक्य झालं. खुर्चीत बसल्या बसल्या हाताशी होती ती औषधाची रिकामी खोकी आणि पाकिटं. ती उलगडून, आतल्या कोऱ्या बाजूवर ते पेनाने काढू लागले. अशी शंभराहून जास्त चित्रं झाली. मालिकेचं नाव 'वेदनाशामक'. गोळी एका बाजूने काम करते, चित्र दुसऱ्या बाजूने. यातली काही चित्रं मोठी करून कॅनव्हासवर छापली गेली. २०२२ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक कला प्रदर्शनात आणि न्यू यॉर्कच्या ड्रॉइंग सेंटरमध्ये ही मालिका लोकांनी पाहिली.

म्हणजे पाहा, लहानपणी लाकडाची तख्ती, तुरुंगात कागदाचे कपटे, म्हातारपणी औषधाची खोकी. सामान कधीच मुबलक नव्हतं, आणि ते नाही म्हणून काम कधी अडलं नाही.

आपल्यासाठी काय?

आपल्या घरात मूल वहीच्या मागच्या पानावर चित्र काढत बसलं की आपण ओरडतो. "अभ्यास कर." आम्हीही वर्गात ओरडलो आहोत, कबूल करतो. उर्दू शाळेत चित्रकलेचा तास दुसऱ्या विषयाला देऊन टाकण्याची सवयही नवी नाही. आणि उर्दू खत्ताती तर कॉम्प्युटरवरच्या फॉन्टमुळे मागे पडत चालली आहे. ज्या अक्षराला बसवायला आपल्या उस्तादांनी वर्षं घातली, ते मुलांच्या हातून निसटतंय.

अल-सलाही यांच्या आयुष्यातून आम्हाला कळलेली गोष्ट साधी आहे. त्यांना जगात जो रस्ता सापडला, तो घरातल्या तख्तीवरूनच निघाला होता. लंडनने हात तयार केला, पण काय सांगायचं ते ओमदुरमानने दिलं. आपल्या माणसांनी पाठ फिरवली तेव्हा त्यांनी लोकांना नावं ठेवली नाहीत, त्यांच्या दारातून आत जायची वाट शोधली.

टेट आणि म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट यांच्या वेबसाइटवर त्यांची काही कामं मोफत पाहता येतात. एखाद्या संध्याकाळी मोबाइलवर मुलांना ती दाखवा. चित्रात अक्षर कुठे लपलंय ते त्यांनाच शोधू द्या. आमचा अनुभव सांगतो, मुलांना ते मोठ्यांपेक्षा लवकर सापडतं. आणि जमलं तर घरात एखादी जुनी तख्ती असेल, ती माळ्यावरून खाली काढा.